मुकादम कासव आणि हिची खुर्ची

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्याचा हात जोडून आणि गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? भाऊजी अजून गोळ्या उशीखाली लपवतात, की तुझ्या धाकाने गिळायला लागले? माझी तब्येत ठणठणीत आहे. (यावर तुझा विश्वास बसणार नाही हे ठाऊक आहे. शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशींना विचार. त्या माझ्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून असतात, सुरकुती दिसली की त्यांचा हात शिवशिवतो.) तुझं पत्र पोचलं. कासव जगलं का, मी वेळेवर जेवतो का आणि हिचा चष्मा तुझ्याकडच्या कपाटात राहिलाय त्याचं काय करायचं, असं तू विचारलंस. कासव जगलंय, मी जेवतो आणि चष्म्याचं सवडीने कळवतो.

ही गेल्यावर तू भाच्याच्या हाती खोक्यातून कासव पाठवलंस आणि वर निरोप दिलास, की थंडी सरली की मी स्वतः येऊन बघणार; कासव धडधाकट दिसलं तर राहा तिथेच, नाहीतर दुकानाला कुलूप लाव आणि माझ्याकडे चल, ज्याला एक कासव सांभाळता येत नाही त्याला एकटं ठेवायचं नाही. पृथ्वी कासवाच्या पाठीवर उभी आहे असं म्हणतात, ते खरं-खोटं मला माहीत नाही. माझं सोफे-खुर्च्या मढवायचं दुकान मात्र नक्की कासवाच्या पाठीवर उभं आहे, आणि ते तिथे तू ठेवलंस. तेव्हा पुढचं सगळं वाचताना मी रडगाणं गातोय असं समजू नकोस. फक्त जे घडलं ते जसंच्या तसं सांगतोय, कारण तुझ्यापासून मी काही लपवलं की माझे कान लाल होतात. पत्रातून ते दिसणार नाहीत, पण मला गरम होतं.

सुरुवात माझ्या शहाणपणाने झाली. कासव म्हटलं की पाणी, एवढं ज्ञान मला होतं. कापडं भिजवायचं घमेलं काठोकाठ भरलं आणि पाहुण्याला त्यात सोडलं. पाहुणा दगडासारखा तळाशी गेला आणि तिथून माझ्याकडे असा बघत राहिला, की आपण कोणाच्या तरी आजोबांना विहिरीत ढकललं असं वाटावं. घाईघाईने बाहेर काढला, तेव्हा खोक्याच्या तळाशी तुझी चिठ्ठी सापडली की हे जमिनीवरचं कासव आहे, पाण्यात घालू नये. (अक्का, अशी चिठ्ठी खोक्याच्या वर ठेवावी.) मग त्याला पुसला, उन्हात ठेवला आणि कामाला लागलो. थोड्या वेळाने बघतो तर स्वारी अर्ध्या शिवलेल्या गादीपाशी. मान लांब करून एकेक टाका तपासतेय आणि जिथे टाका सैल होता तिथेच थांबलीय. तेव्हापासून त्याचं नाव मुकादम पडलं. असे मुकादम मी तरुणपणी कारखान्यात बघितलेत. ते स्वतः काही करत नाहीत, पण नुसते उभे राहिले तरी आपला हात सुधारतो.

अडचण अशी, की मुकादम माझ्या हातचं खाईना. काकडीच्या चकत्या केल्या, कोबीची कोवळी पानं फाडून ठेवली, भोपळा किसला. बघायचा आणि तोंड आत ओढून घ्यायचा. म्हटलं, आता हा उपाशी मरणार आणि अक्का कुलूप घेऊन येणार. म्हणून रोज त्याला कापूस तोलायच्या काट्यात घालून बघायला लागलो. अक्का, तो वजनाने वाढत होता! बशीतलं पान हलत नव्हतं आणि हा वाढत होता. मला वाटलं काटा बिघडला. काट्यात हातोडी घातली, काटा बरोबर होता.

आता हिच्या खुर्चीचं सांगायला हवं. खिडकीजवळची ती बुटकी हाताची खुर्ची तुला आठवत असेल. ही त्यात डावा पाय मुडपून बसायची आणि गाद्यांची बटणं मढवायची, उसवायची शिवण उसवायची. आमच्या धंद्यात उसवणारे लोक कात्री घालतात नि मोकळे होतात. ही कधी दोरा तोडायची नाही. टाका टाका सोडवत न्यायची आणि निघालेला दोरा एका बटणावर गुंडाळून ठेवायची, बटणाच्या खालून दोनदा आणि वरून एकदा, शेवटचं टोक मधल्या भोकात. मी हसायचो, की जगात दोऱ्याचा दुष्काळ पडलाय का? ती म्हणायची, जे शिवलेलं असतं ते तोडू नये, सोडवावं. असो. ती गेल्यावर खुर्चीत तिच्या बसण्याचा खड्डा राहिला होता, डावीकडे खोल आणि उजवीकडे उथळ. तूच म्हणालीस, तो खड्डा बघत बसू नकोस, नवीन गादी घाल. तुझं ऐकलं. आपल्याकडचा सगळ्यात कडक फोम घातला, वर नवीन कापड चढवलं आणि कोणाला त्यात बसू दिलं नाही. मीही बसलो नाही.

मुकादम रोज दुपारी त्या खुर्चीपाशी जायचा. दुकान अर्धं मिटून मी मागच्या खोलीत आडवा होतो, तेव्हा पुढून नखांची खर्रखर्र ऐकू यायची. ते ठीक. पण त्याच्या आधी बटणांचा डबा वाजायचा. हिला हवं ते बटण सापडेना की ती डबा जसा हलकेच हलवायची, तसा. डबा वाजला की नखं चालायला लागायची. उंदीर असेल म्हणून मी कूस बदलायचो. (उठून बघितलं का, असं विचारशील. नाही बघितलं. माणसाने दुपारची झोप मोडू नये, पित्त होतं.) एकदा मीही डबा हलवून बघितला, मुकादम येतो का. त्याने मान काढली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत घेतली. नाटक कंपनीत दुसऱ्याची भूमिका करायला गेलेल्या नटाकडे लोक बघतात, तसं.

मग एका दुपारी पाणी प्यायला म्हणून उठलोच. (तहान लागली होती.) दुकानात ऊन आलं होतं, सगळं लख्ख दिसत होतं. मुकादम खुर्चीच्या पायाशी उभा, मान ताणून वर केलेली, तोंड उघडलेलं, आणि कोबीचं पान चावतोय. पान जमिनीवर नव्हतं, अक्का. त्याचं एक टोक त्याच्या तोंडात होतं आणि दुसरं वर, ताणलेलं. मला बघून मुकादम थांबला आणि पान खाली पडलं. मी पाणी न पिताच परत जाऊन पडलो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण मी भ्यालो नव्हतो. पाय गार पडले होते, ते फरशीमुळे.

संध्याकाळी खुर्ची झटकायला गेलो तर गादीला खड्डा. डावीकडे खोल आणि उजवीकडे उथळ. आता फोमाचं मला सांगू नये, आयुष्य त्यात गेलंय. हा फोम असा बसायला जाड्या माणसालाही वर्षं लागतात. मी तळहाताने दाबून सारखा केला. दुसऱ्या दिवशी खड्डा परत जागेवर. इस्त्रीवाल्या मावशींना बोलावून दाखवला. त्यांनी खुर्ची बघितली, मला बघितलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही बसत असाल आणि विसरत असाल." मी म्हटलं, "मी डावा पाय मुडपला तर उठायला क्रेन लागेल." त्यावर त्या हसल्या नाहीत. तेव्हापासून त्या कपड्यांचं गाठोडं उंबऱ्याबाहेरूनच देतात.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा हिरवा सोफा कामाला आला होता. रोग्यांनी वाट बघता बघता त्याच्या कडा नखांनी कुरतडल्या होत्या. मी तो उलटा करून स्प्रिंगा बांधल्या, काथ्या भरला आणि सगळ्यात शेवटी तळाचं कापड ओढून शिवून टाकलं. टेम्पो आला, सोफा गेला. दुपारी पाठ टेकली तर डबा वाजेना आणि नखंही वाजेनात. मुकादम नाही! कपाटाखाली बघितलं, कापडाच्या ताग्यांमागे बघितलं, कापसाच्या पोत्यात खांद्यापर्यंत हात घातला. मावशींनी बंबाखाली बघितलं. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. डोळ्यांसमोर तू दिसायचीस, हातात कुलूप. आणि खरं सांगू का? कुलपापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने जीव कासावीस झाला. हिच्या खुर्चीचा खड्डा भरून आला होता. गादी सपाट आणि टणक, दुकानात विकायला ठेवल्यासारखी. घर इतकं रिकामं ही गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं, तेव्हा निदान माणसं तरी होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः आले. एरवी दुसऱ्यांना घाबरवणारा माणूस, पण तोंडावरचा रंग उडालेला. म्हणाले, "काका, तुमचा सोफा खरवडतो." मी म्हटलं, सोफा कसा खरवडेल? तर म्हणे आतून आवाज येतो. एका रोग्याला वाटलं यंत्र आतल्या खोलीऐवजी बुडाखालीच सुरू झालं. दुसऱ्याचा दात जागच्या जागी दुखायचा थांबला आणि तो पळून गेला. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की मुकादम आत आहे, मी त्याला जिवंत शिवलाय! दाभण, कात्री घेऊन निघालो. वाटेत डॉक्टर हळूच म्हणाले, "आणखी एक आहे काका. सोफ्याच्या डाव्या टोकाला कोणी बसत नाही. माणसं उभी राहतात, पण बसत नाहीत. विचारलं तर म्हणतात, तिथे कोणीतरी बसलंय ना." मी विचारलं, कोण? ते म्हणाले, "तेच तर कोणाला सांगता येत नाही."

सोफा उलटा केला. कात्री हातातच राहिली, अक्का. डाव्या टोकाची शिवण वीतभर उघडी होती. फाटलेली नाही, कापलेली नाही. टाका टाका सोडवलेली. एके ठिकाणी कापडाला जराशी खोच पडली होती तेवढीच. त्या फटीतून हवा आत जात होती, आणि फटीला नाक लावून मुकादम बसला होता, ताजातवाना, तोंडाला कोबी लागलेला. त्याच्या पुढ्यात हिरवा दोरा होता, बटणावर गुंडाळलेला, खालून दोनदा, वरून एकदा, टोक मधल्या भोकात. डॉक्टरांना विचारलं, याला कोणी हात लावला का? ते शपथेवर नाही म्हणाले. झाडणारी बाई सोफ्याच्या पायापर्यंतच झाडते, हे खालच्या धुळीवरून माझ्या डोळ्यांनी बघितलं. डॉक्टर म्हणाले, "हे बटण आत कसं गेलं?" मी म्हटलं, आमच्या धंद्यात असं होतं. माझे कान लाल झाले, पण दातांच्या डॉक्टरांचं लक्ष कानाकडे नसतं.

शिवण पुन्हा घातली आणि मुकादमाला पिशवीत घेऊन घरी आलो. येताना का कोण जाणे, रस्त्याच्या कडेकडेने, उजव्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून चाललो. समोरून येणारी माणसंही त्या जागेला वळसा घालून गेली. दुकानाचं दार उघडलं आणि लगेच लोटलं नाही, जरा वेळ धरून ठेवलं. मग आतून पाणी आणायला गेलो. परत आलो तेव्हा खुर्चीला खड्डा होता. त्या दुपारी मी जेवलो आणि छान झोपलो. डबा वाजला तेव्हा कूससुद्धा बदलली नाही.

तर असं आहे. कासव उत्तम आहे, मुकादमकी व्यवस्थित चालू आहे, आणि मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही हे तू जाणतेस. फोमाची ही खेपच खराब आली असावी. भाऊजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद, आणि खोकल्यावर काढा घेत जा.

तुझा धाकटा

ता. क. थंडी सरली की जरूर ये आणि मुकादमाला तोलून बघ. पण दुकान बंद करून तुझ्याकडे यायचा विषय काढू नकोस. एकट्या जीवाला इथे टाकून मी कसा येऊ? (मुकादमाबद्दल म्हणतोय.) आलीस की पलंगावर बस, मोठ्या सोफ्यावर बस, हवं तिथे बस. खिडकीजवळच्या खुर्चीत मात्र नको.

पुन्हा ता. क. दुपारी मी कोणाशी तरी बोलत असतो असं इस्त्रीवाल्या मावशी तुला कळवतील. कासवाशी बोलायची चाल असते, तुझ्याच चिठ्ठीत ते लिहिलंय. (लिहिलं नसेल तर लिहायला हवं होतं.)

शेवटचं. पत्र बंद करता करता आठवलं, आणि खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो. सोफ्याच्या कापडाला ती खोच कशी पडली याचा मी फार विचार केला, कारण हिच्या हातून असं कधी व्हायचं नाही. मग ध्यानात आलं. अक्का, तिचा चष्मा तुझ्याकडे आहे. कापसात नीट गुंडाळून लवकर पाठव. बटणं मढवायची बरीच पडली आहेत.