मचूळ पाण्याचा कॅन

बाबा, परवा बाजारात जिताडा दिसला. बर्फावर आडवा पडलेला, अगदी आपल्या तळ्यातल्यासारखा. मासळीवाली म्हणाली, "घे ना ताई, सकालचाच हाय." एकटीने केवढा मासा शिजवायचा आणि कुणाला वाढायचा? हे गेले त्याला वर्ष होऊन गेलं. भाव विचारून तशीच घरी आले, आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय. आज तेच कागदावर उतरवतेय.

माहेरी कोपरला घरामागचं तळं होतं तेव्हाचे दिवस आठवतात. पावसाने खाडीचा खारटपणा उतरतो आणि भरतीबरोबर जिताड्याची बोटाएवढी पिल्लं आत येतात. तू ती खाडीच्याच पाण्यात, मडक्यातून घरी आणतोस. बाकीचे लोक सरळ तळ्यात ओततात आणि दुसऱ्या दिवशी निम्मी पिल्लं पोट वर करून तरंगतात. तू मात्र मडकं सावलीत ठेवतोस आणि करवंटीने तळ्याचं पाणी थोडं थोडं घालत दिवसभर बसून राहतोस. माझा धीर सुटतो, मी मडकं कलंडायला जाते, तर तू मनगट धरतोस. "येकदम नको, पोरी. त्याला कलू दे पानी बदलतंय ते." तीच पिल्लं मोठी झाली की अंडी घालायला त्यांना पुन्हा खारं पाणी लागतं, म्हणून एखाद्या पावसाळ्यात बांधाची मोरी उघडून दोन-चार तू खाडीत सोडायचास. आई कपाळाला हात लावायची. "पोसलेला मासा कुनी सोरतं का?"

तुझा नातू कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होता तेव्हा त्याने मला सगळं समजावलं. खाऱ्या पाण्यात मासा सारखा पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात आला की पिणं जवळजवळ बंद, आणि तेच कल्ले आता मीठ आत ओढून घेतात. हा बदल व्हायला वेळ लागतो. मी भाजी निवडत ऐकत होते आणि मला तुझ्या हातातली करवंटी दिसत होती.

लग्न होऊन मी इथे ठाण्यात, या घाटावरच्या माणसांत आले. तुला अरे-तुरे करते हे ऐकून सासूबाई हादरल्याच होत्या. महिनाभरात तू दारात उभा राहिलास, खांद्यावर पाण्याने भरलेला कॅन. आपल्या विहिरीचं मचूळ पाणी! "हिच्या पान्यात जरा जरा घाला," तू सासूबाईंना म्हणालास, "मग कमी करत जा." सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "अहो, ठाण्यात पाणी नाही का?" मी मात्र लाजेने मेले आणि तू गेल्यावर मोरीत उभी राहून पोटभर रडले. मग तू दर पंधरवड्याला येत राहिलास. चहा घ्यायचास, माझ्याकडे बघायचास आणि विचारायचास, "झाली का गो सवय?" मी मान हलवून नाही म्हणायचे. तू रिकामा कॅन घेऊन परत जायचास.

आता तू नाहीस, तळं नाही, विहीरही बुजवली. तिथे आपली म्हणावी अशी भिंतसुद्धा उरली नाही, तर हे पत्र टाकायचं कुठे? कपाटात साड्यांखाली ठेवून देईन.

एकच सांगायचं राहिलं होतं. इथल्या पाण्याची सवय मला पहिल्या महिन्यातच झाली होती, बाबा. नळाचं पाणी गोड लागायचं, आवडायचंसुद्धा. तू यावास म्हणून मी नाही म्हणत राहिले.

तुझा नातू बंगळुरूहून रविवारी फोन करतो. "आई, झाली का गं एकटं राहायची सवय?" असं विचारतो. मी झाली म्हणते.