निरोगी क्रमांक सात

सोमवार, ४
लागले एकदाची नोकरीला. मेंदूचे फोटो काढणाऱ्या मशीनवर सहायक. स्किझोफ्रेनिया असलेल्यांची स्मरणशक्ती कशी चालते, त्याचा अभ्यास चाललाय. माणूस मशीनमध्ये आडवा होतो, समोर आकडे येतात. दोन आकड्यांपूर्वीचाच आकडा परत आला की बटण दाबायचं. भीती वाटली तर हातातला रबरी फुगा दाबायचा, मग आम्ही लाल बटणाने मशीन थांबवतो. शिकवणारे काका दिसतात खडूस, पण चांगली खुर्ची त्यांनी मलाच दिली.

यादीत माझ्या दादाचंही नाव आहे. नऊ वर्षं त्याला एक बाई ऐकू येते. नऊ वर्षं मी त्याला सांगतेय, अरे, कुणी नाही.

बुधवार, ६
इथली रीत अशी, की नव्या माणसाचं डोकं आधी मशीनमध्ये. तुलनेला निरोगी मेंदूही लागतात ना. मी निरोगी क्रमांक सात. मशीन काय ठोकतं, बापरे. आकड्यांत माझी गाडी अडली की कानातल्या स्पीकरवर कुणी बाई हळूच सांगायची, आता दाब. सगळी उत्तरं बरोबर आली. काकांना विचारलं, मला उत्तरं कोण सांगत होती? म्हणाले, माइक बंद होता आणि इथे मी एकटाच. थट्टा करतात मेले.

गुरुवार, ७
आवाज ऐकल्यावर मेंदूचा जो भाग उजळतो, तो माझ्या फोटोत पाच वेळा उजळलाय. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, आत कुणी बोललं का. मी नाही म्हणाले. धडधडीत खोटं. खरं सांगितलं असतं तर निरोग्यांच्या यादीत राहिले असते का?

सोमवार, ११
दादाची पहिली फेरी झाली. त्याचा फोटो माझ्या फोटोशेजारी लावून पाहिला. तोच भाग, पाच वेळा. सेकंदसुद्धा तेच.
घरी जाताना तो म्हणाला, ती तुझी चौकशी करत होती. म्हणाली, पोरगी ऐकते माझं.
कुणी नाही, असं या वेळी मला म्हणवलं नाही.

मंगळवार, १२
दादाची दुसरी फेरी. काका खाली गेलेत. ती कालपासून माझ्याशी बोलतेय, लिहीत बसलं की जरा कमी होतं, म्हणून —

दादाने फुगा दाबला. घंटा वाजतेय. माइकवर त्याचा श्वास — धाप लागलीय त्याला.

अंगठा लाल बटणावर आहे. ती म्हणते, आता नको.

परत दाबला. परत. मला हाक मारतोय. मी ओरडून सांगितलं, दादा, कुणी नाही तिथे —

अजून नको, म्हणते. भीतीने जीव जातोय माझा. पण तिचं ऐकून मी एकदाही चुकले नाही, मग आता कशी —

घंटा थांबली. श्वासही —

ती म्हणतेय, आता दा