मशीन विचारून बसलं होतं

मु. अष्टमी, ता. रोहा
८ जुलै १९९६

तीर्थरूप कमळाकरमामांना भाचा सुजय याचा वाकून नमस्कार (काल सात तास खुर्चीत बसून कंबर धरली आहे, तेव्हा जेमतेम वाकून). तुमचा गुडघा कसा आहे हे विचारायला मला तोंड नाही, कारण पेणच्या स्टँडवर तीन तास माझी वाट पाहत उभे राहिलात ते त्याच गुडघ्यावर. कंडक्टरच्या हाती पाठवलेली चिठ्ठी सकाळी मिळाली. "तुला लगीन करायचा हाय का नाय?" एवढीच ओळ, पण अंगाला झोंबली. करायचंय हो मामा! पण काय झालं ते ऐका.

काल महिनाअखेरचे तीन रिपोर्ट काढून दोनची एसटी धरायची आणि हमरापूरला जाऊन नूतनच्या घरच्यांना एकदाचं विचारायचं, असं आपलं ठरलं होतं. (मुलगी पाहून तीन आठवडे झाले, तिकडून हूं की चूं नाही. घरचा मूर्तींचा कारखाना, त्यात गणपतींचा सीझन आहे, कबूल. पण एकाचाही हात रिकामा नाही म्हणजे काय?) आता कंपनीच्या काँप्युटरवर काम 'मागे टाकता' येतं. हुकमाच्या शेवटी एक खूण केली की ते पडद्याआड चालू राहतं आणि आपण मोकळे. मी हजेरी, स्टॉक आणि डिस्पॅच, तिन्ही मागे टाकली आणि 'वेट' असा हुकूम दिला, म्हणजे तिन्ही संपेपर्यंत थांब. मशीन आज्ञाधारक, थांबलं. मीही थांबलो. दोनची गेली, साडेतीनची गेली, पडद्यावर अक्षर नाही. मध्येच तोडावं तर रिपोर्ट अर्धवट राहील आणि साहेब मला तोडतील, ही भीती. पंख्याची पाती मोजून झाली (तीन आहेत).

पाच वाजता कँटीनच्या ठमाबाई चहा घेऊन आल्या आणि किती वेळ त्या काचेकडे बघतोस म्हणाल्या. मी म्हटलं, काम चाललंय. "गप हाय म्हंजे काम करतंय असा नाय रे. कायतरी इचारून बसला असंल तुला." मी हसलो. मग भीत भीत वेट तोडलं आणि पाहिलं, तर स्टॉकचं काम सव्वाअकरालाच अडलेलं. जुनी फाईल पुसू का, हो की नाही, एवढंच त्याला हवं होतं. पण मागे टाकलेल्याचा प्रश्न पुढे दिसत नाही. ते माझ्यासाठी थांबलेलं, मी त्याच्यासाठी. त्याला पुढे आणून 'हो'चं एक बटण दाबलं, चार मिनिटांत सगळं आटोपलं. मला रडू आलं मामा, खोटं नाही सांगत.

मामींना नमस्कार. राग गिळून टाका.

तुमचा,
सुजय

ता. क. : हमरापूरच्या लोकांना काही विचारायला जाऊ नका. चहा पिताना आठवलं. त्या दिवशी नूतन मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती. मान वर न करता तिनं मला विचारलं होतं, "लग्नानंतर सीझनला आखणीला हितं येऊ द्याल काय?" तेव्हा माझ्या तोंडात अख्खा लाडू होता आणि तुम्ही कंपनीच्या क्वार्टरबद्दल बोलत होतात. प्रश्न मागे पडला. म्हणजे तीन आठवडे ताटकळली आहे ती, मी नव्हे.

ता. क. दुसरा : वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल. पत्र त्याच कंडक्टरबरोबर पाठवतोय, आजच पोचेल. गुडघ्याची क्षमा मागून सांगतो, आजच हमरापूरला जा आणि नूतनला एक शब्द सांगा : व्हय. (तिथे लाडू देतील. आधी सांगा, मग खा.)