डोइनाच्या लग्नासाठी गिटारची मान

रेगीन,
ईस्टरनंतरचा मंगळवार

तीर्थरूप गाव्रिलमामा यांस,

भाचा सेव्हेर याचा आदराने नमस्कार. मामींनाही. गुडघे काय म्हणतात? खोकला? मामी फोनवर म्हणाल्या, तुम्ही मेंढ्या विकून टाकल्या, काळा कोट धुऊन खुंटीला लावला आणि ‘आता माझं काय राहिलंय इथे?’ असं विचारत फिरता. हे काही बरं नाही, मामा. इकडे सगळं ठीक आहे. वेटुरिया बायकोच्या हक्काने मला दिवसभर बोलते आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे.

द्राक्षं उतरली की तुमच्या नातीचं, डोइनाचं, लग्न. तिचा एकच हट्ट आहे: तुमची लाल इलेक्ट्रिक गिटार वाजली पाहिजे आणि ती तुम्हीच वाजवायची. म्हणून मी ती माझ्या माळ्यावरून काढली. धड अजून नव्यासारखं आहे, मान मात्र पार पिळवटली आहे. व्हायोलिनच्या कारखान्यात पाळी संपल्यावर मागे थांबून तुम्ही ती केलीत, तेव्हा व्हायोलिनवाल्यांनी कशी नाकं मुरडली होती (आणि मग आपापल्या पोरींच्या लग्नांना तुम्हालाच बोलावलं), ते मी विसरलेलो नाही.

मी जन्मभर व्हायोलिनच्या खुंट्या घडवल्या, माना हा माझा प्रांत नव्हे. तरी पहिली मान वखारीतल्या नव्या मेपलची केली. लाकूड ओलसर वाटलं म्हणून भट्टीशेजारी ठेवलं (तिथेच वेटुरियाचे पाव फुगत होते). पाव सरळ राहिले, मान वाकली. दुसरी बीच झाडाच्या लाकडाची केली. बीच पाणी पितं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पावसाच्या आठवड्यात तारा इतक्या वर उचलल्या, की खालून सॉसेज सरकलं असतं. शेवटी शेजारच्या आर्पादला दाखवली (म्हातारा हंगेरियन, पण पाप्रिकाहून जीभ तिखट). त्याने ती बंदुकीसारखी डोळ्यापुढे धरली आणि म्हणाला, “सेव्हेर, ही वाजवायची आहे, की हिने गवत कापायचंय?”

मग त्याने शिकवलं. लाकूड असं चिरायचं, की टोकाकडून पाहिलं तर आतली वर्षांची वलयं उभी दिसली पाहिजेत. एकाच तुकड्याच्या भरवशावर राहायचं नाही. तीन पट्ट्या घ्यायच्या आणि मधली उलटी फिरवून चिकटवायची, म्हणजे एक डावीकडे वळू लागली की दुसरी तिला उजवीकडे ओढते. पोटात पोलादी सळई. वेटुरिया दारातूनच म्हणाली, “मधली पट्टी म्हणजे मीच की.” पण मेपल हवं वर्षानुवर्षं सावलीत वाळलेलं, आणि तसं आता रेगीनमध्ये कुणाकडे नाही.

तो भुसा अंगावर घेऊन बसलो की वरच्या गावातलं ते लग्न आठवतं. ऐन नाचात वीज गेली आणि गिटार मुकी झाली. तुम्ही बाकावर चढलात, गिटारच्या पाठीवर बोटांनी ठेका धरलात आणि गात राहिलात. अंधारात एकही पाय थांबला नाही. मी वायरी धरून उभा होतो आणि वाटत होतं, आपल्या मामासारखा माणूस साऱ्या खोऱ्यात नाही. अजूनही तसंच वाटतं. मला तुमची फार आठवण येते.

पत्र लांबलं, राग नसावा. मामींच्या हातांना माझा नमस्कार.

तुमचा,
सेव्हेर

ता. क. गिटार नाही झाली तर भाड्याचा बँड आणू, असं मी डोइनाला सांगून पाहिलं. ती उठून सरळ अंगणात गेली.

दुसरा ता. क. मुद्द्याचं राहिलंच. आपल्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांप्रमाणे तुम्हीही स्वतःच्या शवपेटीच्या फळ्या घरात वाळत ठेवल्या आहेत. त्यातही कारखान्यातला माणूस म्हणून साध्या फर झाडाच्या नाहीत, उभ्या चिरलेल्या मेपलच्या. मामी म्हणतात, इतक्या वर्षांत एकही वाकली नाही. त्यातली एक मला द्या.

तिसरा ता. क. तुमची पेटी अपुरी ठेवणार नाही. रविवारी बदली फळी घेऊन येतो, तेवढीच लांब, तेवढीच रुंद, त्याच डोंगरातली. फक्त ती परवाच कापलेली आहे, ओलीचिंब. आर्पाद म्हणतो, नीट वाळायला दहा वर्षं तरी लागतील. ओल्या लाकडात मी तुम्हाला झोपू देणार नाही. तेवढं थांबावं लागेल, मामा.