टॉवरची उत्तरपूजा

धारवाड, १ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. अंबूताईस जयतीर्थाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या गावात फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र अळणावर बसचे कंडक्टर पांडुरंग यांच्या हाती देतो आहे.

आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून मोबाईलचा टॉवर होतोय, हे मागे लिहिलंच होतं. लहरींनी मुलांना काय होतं, काय नाही, ते मला कळत नाही. पण पालकांना न विचारता चौथीच्या खिडकीशी तो उभा करणं बरं नव्हे, म्हणून सह्या गोळा करून मीच महानगरपालिकेत अर्ज दिला. सुनावणी सोमवारी आहे. टॉवर शनिवारीच पुरा होणार. एकदा उभा राहिलेला कोण काढतो?

त्यात आज खंडेनवमी. शाळेतली घंटा आणि संगणक पुजून बाहेर येतो, तर टॉवरचा मुकादम मंजुनाथ हात जोडून उभा. त्यांचे भटजी आलेच नव्हते. आमच्या पक्कड-पान्यांनाही तुमच्या हातचं कुंकू लावा, म्हणाला. आयुधाला पूजा नाही म्हणणं जिभेवर येईना. पूजा केली, नारळ फोडला, टॉवरलाही हार घातला. तेवढ्यात कुणी फोटो काढला. तो आता पालकांच्या ग्रुपवर फिरतोय आणि विशाल वकिलांनी खाली लिहिलंय, मास्तर फुटले. सोमवारी कोणत्या तोंडानं उभा राहू?

तुझा लोभ या फोटोनंतरही टिकावा.

जयतीर्थ

*

त्याच दिवशी, संध्याकाळी

चि. जयतीर्थास अनेक आशीर्वाद.

पांडुरंग परतीच्या बसपाशी खोळंबलेत, म्हणून थोडक्यात. मी पदर तोंडाला लावून हसले, तुझे भावोजी उघड हसले. परड्यातल्या विंचवाला मारण्याआधी नमस्कार करणारा तू, तुझं आणखी काय होणार?

पण मास्तर, एक प्रश्न सोडव. पुजलेलं हत्यार उत्तरपूजेआधी कोण उचलतं? आणि उत्तरपूजा करायची कुणी? ज्यानं पूजा केली, त्यानं. उद्या दसरा. सोनं द्यायला बहिणीकडे ये आणि रविवारपर्यंत राहा. खोटं बोलू नकोस, अक्कानं बोलावलंय एवढंच सांग. मांडलेला देव तेवढा उपाशी ठेवू नकोस.

बाकीचे आशीर्वाद समक्ष.

अंबू

*

धारवाड, ७ ऑक्टोबर

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. जाताना मंजुनाथला, परत आल्यावर उत्तरपूजा करतो, असं खरं तेच सांगितलं होतं. ‘होगि बर्री सर’, जाऊन या, असं निवांत म्हणाला. शुक्रवारी त्याचा साहेब हुबळीहून धावत आला, ओरडला, पण एकानंही पान्याला हात लावला नाही. तेव्हा व्हिडिओ कॉलवर उत्तरपूजा उरकायचं ठरवून तो तीन दिवस माझा नंबर लावत बसला! ताई, तुझ्या गावात रेंज असती तर आम्ही बुडालो होतो.

तुझी भावजय श्रीलक्ष्मी घरून रोज पक्कड-पान्यांना नैवेद्य नेत होती. होळगी, चित्रान्न, पायस. देवाला दाखवून प्रसाद पाच कामगारांत. आयुधांची अशी विश्रांती कुठे पाहिली नव्हती, असं मंजुनाथ म्हणतो.

सुनावणीत कंपनीच्या माणसानं तो फोटो दाखवला. मी सांगितलं, हार मीच घातला. टॉवरशी माझं वैर नाही, वाद जागेचा आहे. आधी विचारा, मग उभारा. पालिकेच्या साहेबांनी विचारलं, टॉवर किती झालाय? खांब अर्धाच होता. काम थांबवून दुसरी जागा शोधायला सांगितलं. विशाल वकिलांनी ग्रुपवर हात जोडलेत.

मग जाऊन उत्तरपूजा केली. देवाला चार दिवस अडवून धरल्याची रुखरुख आहे, त्याचीही क्षमा मागितली.

असंच वेळेवर रागवत जा.

जयतीर्थ

*

९ नोव्हेंबर

चि. जयतीर्थास अनेक आशीर्वाद.

बातमी ऐक. आमच्या गावालाही टॉवर येतोय. गावाबाहेर माळावर, शाळेपासून लांब, आणि पंचायतीत सगळ्यांना विचारून. कामाला तुझा मंजुनाथच आलाय. काल नारळ घेऊन दारात उभा. मास्तरांची अक्का तुम्ही, आरंभाची पूजा तुमच्या हातून व्हावी, म्हणाला. मी केली. उत्तरपूजेला कधी येऊ, असं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, घाई नाही अक्का, नैवेद्य किती दिवस आहे?

श्रीलक्ष्मीला विचारून पायसाचं प्रमाण कळव. पाच माणसांचं.

अंबू