शनिवारचा तास

नल्लकुंटा, हैदराबाद
१९ जानेवारी २०२५

ती. अरविंददादास,
सुजाताचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. मुलांचा कल ओळखायची तुझी प्रश्नावली कामी आली. गौलीगुड्याच्या शाळेत मुख्याध्यापिका सत्यवती मॅडमनी मला दहावीचा शनिवारचा एक तास दिलाय, पुढे काय करायचं ते मुलांना सुचवायला. आधी त्यांना छापखाना, औषधाचं दुकान, रक्त तपासायची लॅब दाखवून आणलं. मग तुझे ऐंशी प्रश्न. एकतीस मुलं, सगळी मराठी घरांतली, आणि एकानेही शंका विचारली नाही! इतकी शिस्त मी बँकेत तीस वर्षांत पाहिली नव्हती.

सत्तावीस जण विक्री-व्यवसायाला योग्य निघाले. बहुतेकांच्या घरी दुकानंच आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. अहवाल पालकांना पाठवून दिले.

यांना जाऊन चार वर्षं झाली. पोटचा मुलगा अभिजीत, तोही कॅनडातून रविवारी फोनवर दहा मिनिटं दिसतो. बाकी दूधवाल्याशी काय ते बोलणं. शनिवारी मात्र पोरं आंटी, आंटी करत गराडा घालतात. ते मला फार आवडतं.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
सुजाता


पुणे
२८ जानेवारी २०२५

चि. सुजातास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून छाती फुगली. तुझी वहिनी म्हणते, आता शर्टाची बटणं तुटतील. अगं, बाराशे मुलांवर पारखून घेतलेली प्रश्नावली आहे ती! सत्तावीस जणांचा कल एकच येतो, तेव्हा तो घरातूनच आलेला असतो. आता मुलं रडतील, पालक वाद घालतील. तू अहवालावर ठाम राहा. तुझं मन मऊ, म्हणून आधीच बजावतो.

इकडे ये असं मी आता लिहीत नाही, कारण तू येत नाहीस. निदान दोन्ही वेळा नीट जेव. नुसत्या खिचडीवर भागवतेस, हे मला इथूनही दिसतं.

माया आहे, हे दर वेळी लिहायला लावू नकोस.

तुझा,
दादा


नल्लकुंटा
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस. काल माझ्या वर्गातली रेणू घरी आली आणि दारातच रडायला लागली. तिचे वडील हिम्मतराव. अंबरपेठेला त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. अहवाल बघून ते खूश झाले. पोरीने आता कॉमर्स घ्यावं आणि दुकानात बसावं, हे ठरलंसुद्धा. रेणूला लॅबमध्ये काम करायचंय, त्यासाठी बायपीसी, म्हणजे तुमच्याकडचं अकरावी सायन्स बायोलॉजीसकट, हवं. मी उलट तिलाच दटावलं, की मग उत्तरं तशी का दिलीस?

तिने मान खाली घालून सांगितलं, की प्रश्न समझमेंच नै आये. शाळेतल्या हिंदीमुळे अक्षरं वाचता येतात, पण ‘अभिरुची’ आणि ‘निर्णयक्षमता’ म्हणजे काय, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ही पोरं मराठी बोलतात फक्त घरी. मराठी असून मराठी येत नाही, हे माझ्यासमोर कबूल करायची त्यांना लाज वाटली. पहिल्या बाकावरचा विकास प्रत्येक प्रश्नाला पर्यायांतला दुसरा गोल भरत गेला, आणि मागच्यांनी त्याचं बघून भरलं. मी त्याला शिस्त समजले.

२२ तारखेला पालकांची सभा आहे. खरं सांगितलं तर माझा तास बंद होईल, आणि मग मला आठवड्यात एकही वार उरत नाही. गप्प बसले तर रेणूचं नुकसान. प्रश्नावलीवर तुझं नाव आहे, म्हणून तुला विचारते. खरं तर धीर मागते.

तुझी,
सुजाता


पुणे
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सुजातास,
आशीर्वाद.

या पत्राआधी एक लिहिलं होतं, ते फाडलं. त्यात मी फक्त माझी बाजू मांडली होती.

सांगून टाक. माझं नाव घेऊन सांग. माझ्या त्या बाराशे मुलांपैकी किती जणांना ‘अभिरुची’ कळली असेल, हे आता मला कोण सांगणार?

तुझा,
दादा


नल्लकुंटा
१५ जून २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला चार महिने लावले, माफ कर. लिहायला मन होत नव्हतं.

सभेत उभी राहिले आणि सांगितलं, की सगळे अहवाल फाडून टाका, चूक माझी आहे. तुझं नाव घेतलं नाही. तू सांगितलेलं मी कधी ऐकलंय? हिम्मतराव तर सगळ्यांसमोर माझ्यावर तणतणले, की पोरांच्या जिंदगीशी मजाक लावलाय का. पण चार दिवसांनी त्यांनीच मला घरी बोलावलं आणि रेणूला तेच ऐंशी प्रश्न घरच्या बोलीत विचारायला लावले. तीन तास लागले. ते समोर बसून एकेक उत्तर ऐकत होते. शेवटी बायकोला म्हणाले, की एवढं बोलते ही, आपल्याला माहीतच नव्हतं. रेणूला बायपीसीला प्रवेश मिळाला.

बाकीच्या मुलांनाही असंच एकेकाला बसवून विचारते, अशी मी सत्यवती मॅडमना विनंती केली. त्या गोडच बोलल्या. पण शाळेने आता बाहेरची संस्था नेमलीय, ती कॉम्प्युटरवर परीक्षा घेते. मला फुलांचा गुच्छ मिळाला.

काल शाळा उघडल्यानंतरचा पहिला शनिवार होता. रेणूचा तरी फोन येईल असं उगाच वाटत राहिलं. नाही आला. तिचं नवं कॉलेज, नव्या मैत्रिणी, तिने का करावा? पुन्हा वेळ आली तर मी सभेत तेच सांगेन, दादा. तरी काल फार एकटं वाटलं.

एक मागणं आहे. तू सोमवारी टाकलेलं पत्र इथे शनिवारी मिळतं. सोमवारी टाकत जा.

तुझी,
सुजाता