लेकीच्या घरचा चहा

माय, काल मालेगावला लेकीच्या सासरी गेले होते आणि अजून माझं मन थाऱ्यावर नाही. तिला सहावा महिना. सकाळची वेळ, पोटात भाकरीचा तुकडा नाही आणि हातात काळाकुट्ट चहा. मला एकदम कारंजाचं माझ्या सासरचं स्वयंपाकघर आठवलं.

हीच लेक तेव्हा माझ्या पोटात होती. घरी कापसाच्या व्यापाऱ्यांची सारखी ये-जा, म्हणून चुलीवर चहाचं भगुणं दिवसभर उकळत असायचं. भुकटी कोण फेकणार? तिच्यावरच पाणी ओतायचं. चहा आमच्याकडे नवा. काढ्यासारखा जितका उकळेल तितका गुणाचा, असं सगळ्यांना वाटे. सुनेचं जेवण सर्वांत शेवटी, तोवर मी तोच पिऊन भूक मारायची. चक्कर येई, छाती धडधडे. तू बैलांच्या दमणीतून मला बाळंतपणाला न्यायला आलीस. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, म्हणून स्वतःचा तांब्या घेऊन आलेली तू! दारातूनच माझं पांढरं पडलेलं तोंड पाहतेस, "काय पिऊन राह्यली वं?" म्हणतेस, माझ्या हातातला पेला ओढतेस आणि एका दमात पिऊन टाकतेस. मी हबकलेच.

सासूबाईंच्या हातून पळी पडली. "ईनबाई, नातवाचं तोंड पाह्याच्या आंधीच?"

"पाह्याले तर भेटलं पायजे!" तू म्हणालीस. "जहर हाय हे. माह्या पोरीले आंधी भाकर द्या."

पुढे लोकांनी तुला किती नावं ठेवली! आता दवाखान्यातली नर्स सांगते, गरोदरपणी जेवणानंतर तासाभरानं कपभर दुधाचा पातळ चहा चालतो, फार तर दोन. उपाशीपोटी कडक नको. तुला हे कुणी सांगितलं होतं? तू तर चहा कधी चाखलाही नव्हतास.

काल मीही लेकीचा कप ओढला आणि पिऊन टाकला. विहीणबाई आ वासून बघत राहिल्या. जावयानं भाकरीची टोपली पुढे सरकवली. माझे हात मात्र इतके कापत होते की थोडा चहा लुगड्यावर सांडला.

तू गेलीस, आता हा कागद कुठे धाडणार, राहील इथेच. तुझे हात कापत होते का, माय? मला सांगता येत नाही. त्या वेळी मी तुझ्याकडे पाहिलंच नाही, सासूबाईंच्या तोंडाकडे पाहत होते.